ती पिवळी चिठ्ठी माझी होती

सुजाताताई,

तुमचं खोकं माझ्याकडे आलंय. गेल्या बुधवारी मुक्ता घेऊन आली. नोएडाच्या ऑफिसातून परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. म्हणाली, "मावशी, हे शाळेचं दिसतंय. आईच्या कपाटात होतं." बुटांचं खोकं, झाकणाला वर भोक आणि त्या भोकाच्या भोवती मी स्केचपेनने काढलेला हसरा चेहरा. या चेहऱ्यावरून तुम्ही माझी जेवढी टिंगल केलीत तेवढी माझ्या सासूनेही माझ्या पोळ्यांवरून केली नसेल. मी खोकं घेतलं आणि मुक्ताला चहा विचारायलाही विसरले. ती लिफ्टमध्ये शिरल्यावर आठवलं.

त्याच्या आधी तिला मी भेटले होते ते तुमच्या घरी, लोक येऊन जात होते तेव्हा. तिथेही मी माझ्या सवयीप्रमाणे तोंड उघडलं. "तेरावा कधी आहे, म्हणजे मी शाळेत सुट्टी टाकते," असं विचारलं. मुक्ता अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, आमच्यात पुण्यानुमोदन असतं. रविवारी आहे. या तुम्ही." तुमचीच मुलगी. तुम्हीही अशाच सांगायच्यात, समोरच्याला खाली मान घालायला न लावता. मी मात्र घरी येईपर्यंत मान वर केली नाही. सात वर्षं तुमच्याबरोबर मेट्रोने गेले-आले आणि मला एवढंही माहीत नव्हतं.

तुम्ही मला दिल्लीत रुळवलंत हे सगळ्यांना माहीत आहे. गुरगावची कंपनी सोडून मी या शाळेत आले तेव्हा माझ्याजवळ काय होतं? पुण्यापासून मोजून अकरा वर्षं लोकांना 'सकारात्मक राहा' हे सांगण्याचा अनुभव, पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचे ढीगभर गठ्ठे आणि पुण्याबद्दलची न संपणारी रड. इथली भाजी, इथली हवा, इथली माणसं, कशालाच मी सोडत नसे. एकदा रिजची टेकडी चढताना तुम्ही हिंदूरावच्या दवाखान्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हे बघ, ग्वाल्हेरहून आलेल्या मराठी माणसाचं नाव इथे केव्हापासून आहे. तू मात्र सात महिने झाले तरी पाहुणीसारखी बॅग भरून बसलीयस. खोल ना यार ती बॅग." इतिहासाची बाई ती. कुठूनही धडा काढणार.

मग यंदा आपल्या दोघींवर शनिवारचा पाचवा तास येऊन पडला. वरून परिपत्रक आलं की अकरावीच्या मुलांना जगण्याची मूल्यं शिकवा, प्रेरणा द्या, भेदभावाबद्दलही सांगा. प्रिन्सिपल सरांनी पाच मिनिटांत वाटणी केली. पॉझिटिव्हिटी आणि मोटिव्हेशन मृणाल मॅमकडे, भेदभाव सुजाता मॅमकडे. भाजी एकीने करावी आणि पोळ्या दुसरीने, असा हिशोब. तुम्ही तेव्हाच कुरकुरला होतात की हे दोन वेगळे विषय नाहीत. मी म्हटलं, ताई, आधी मुलांना हसवू, मग तुमचं गंभीर काय ते काढा. खोकं हीच माझी कल्पना. दर शनिवारी प्रत्येकाने वर्गातल्या एकाबद्दल चांगलं वाक्य लिहायचं, नाव न घालता खोक्यात टाकायचं आणि ती वाक्यं मी वाचून दाखवायची.

आणि ते चाललं, हे तुम्हीही कबूल केलंत. गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या मुलीला कुणीतरी लिहिलं होतं, "तू समजावतेस तेव्हा मला भूगोल कळतो." ती पोरगी तो आख्खा आठवडा ताठ चालत होती. तुम्ही म्हणालात, तुझं औषध चांगलंय मृणाल, फक्त तू ते सगळ्यांना एकाच चमच्याने पाजतेस. मला राग आला होता. तो राग मी मनात ठेवला आणि वरून हसले. माझ्या धंद्यात तेच शिकवलेलं.

मग एका शनिवारी यापीच्या चिठ्ठ्या निघाल्या. यापी यंदाच वर्गात नवी आली होती, अरुणाचलची. वडिलांची केंद्र सरकारची बदलीची नोकरी. वर्गातल्या सगळ्यांना तिच्याबद्दलच लिहायचं होतं बहुतेक, एकट्या तिच्या नऊ चिठ्ठ्या. मी खूश. एकेक उचलून सुरात वाचत गेले. चायना डॉलसारखी गोड दिसते. स्किन काय सुंदर, कोरियन हिरॉइन वाटते. नॉर्थ-ईस्टची असून हिंदी किती साफ. मोमो खिलाएगी तो बेस्ट फ्रेंड. मुलं हसत होती, मी हसत होते, यापीसुद्धा हसत होती. शेवटी मी टाळ्या वाजवायला लावल्या. मागच्या बाकावर तुम्ही बसला होतात आणि तुमचे हात टेबलावर तसेच होते. मी बघितलं होतं ते. दुखत असतील हात, असं स्वतःला समजावलं.

स्टाफरूममध्ये तुम्ही मला एवढंच विचारलंत की त्या नऊ चिठ्ठ्यांमध्ये यापीबद्दल किती होत्या. मी म्हटलं, नऊच्या नऊ. तुम्ही म्हणालात, परत वाच. मी परत वाचल्या. तिला चित्र काढता येतं, ती फुटबॉल खेळते, ती मागच्या बाकावरच्या मुलाला रोज पेन देते, यातलं कशातही काही नव्हतं. होतं ते तिच्या चेहऱ्याबद्दल आणि ती कुठली आहे याबद्दल. मी चिडले. "मुलांचा हेतू वाईट नव्हता," असं जरा जोरात म्हणाले. "मुलांना काय आता कौतुक करायलाही घाबरवायचं?"

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी नंतर कितीदा आठवलं याला गणती नाही.

"कौतुकच गं ते. मला आयुष्यभर असलंच कौतुक मिळालं. 'तुम्ही वाटत नाही हो अजिबात.' आता यावर माणसाने थँक्यू म्हणायचं की काय करायचं, ते अजून मला कुणी शिकवलं नाही."

एवढं बोलून तुम्ही वह्या तपासायला घेतल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मी मात्र हातातला कप धरून तशीच उभी राहिले, कारण ते वाक्य माझं होतं.

तुम्हाला आठवत नसेल असं मला वाटत होतं, किंवा वाटून घेत होते. शाळेत लागून मला महिना झाला होता. मी दिल्लीच्या जेवणावर फुरंगटून बसलेली बघून तुम्ही मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये नेलंत. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवता जेवता मी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं. तुम्ही सांगितलंत, वर्ध्याकडचं, पण मी इथेच सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले, बाबा मंत्रालयात होते, आम्ही बौद्ध. आणि मी घास खाता खाता, अगदी प्रेमाने, तुमचा मान वाढवल्यासारखी म्हणाले, "खरंच? तुम्ही वाटत नाही हो अजिबात." तुम्ही वाटी माझ्याकडे सरकवलीत. "ठेचा घे, संपतोय," म्हणालात. मी ठेचा घेतला. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले की आमची मैत्री पिठल्याच्या पहिल्या घासाला जमली.

म्हणजे सहा-सात वर्षं तुम्ही ते वाक्य बरोबर घेऊन माझ्या शेजारी मेट्रोत बसत होतात. माझ्या पोरीला दहावीच्या इतिहासाच्या नोट्स काढून देत होतात. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्याच्याशी क्रिकेटवर भांडत होतात, तुम्हाला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसताना. मला यातलं काय जास्त छळतं ते मी अजून ठरवू शकले नाही. तुम्ही मला सोडून दिलं असतं तर मला माझी चूक फार आधी कळली असती. पण मग माझ्याजवळ तुम्ही नसता.

पुढच्या शनिवारी तुम्ही खोकं माझ्या हातातून काढून घेतलंत. खरं तर मागितलंत, पण मी नाही म्हणू शकत नव्हते. तुमचा नियम वेगळा. प्रत्येकाने आपलं स्वतःचं वाक्य लिहायचं. कधीतरी कुणाच्या रंगावरून, चेहऱ्यावरून, जातीवरून, गावावरून आपण जे बोललो, गमतीत किंवा कौतुकाने, आणि जे आता उच्चारायला नको वाटतं, ते. खाली आपलंच नाव. वाचायचं असेल तर स्वतः वाचायचं, नसेल तर चिठ्ठी खोक्यात राहील आणि तुम्ही एकट्या ती बघाल. दुसऱ्या कुणाचं पाप लिहायचं नाही. आणि आधी शिक्षकांनी.

मी वर्गाबाहेर तुम्हाला गाठून सांगितलं होतं की ही पोरं सोळा वर्षांची आहेत, त्यांना अपराधी वाटायला लावून काय मिळणार. तुम्ही म्हणालात, अपराधी वाटू दे जरा, त्यातून कुणी मेलेलं नाही. ज्यांना वाटत नाही त्यांची मला काळजी आहे. आपला वाद इथेच अडकला, तो अजून तिथेच आहे. मला अजूनही वाटतं की नुसत्या लाजेने कुणी सुधारत नाही. लाज वाटल्यावर हात धरायला कुणीतरी लागतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मग धर ना, कुणी अडवलंय.

तुमची चिठ्ठी तुम्ही उभ्याने वाचलीत. तुमच्या सोसायटीत तळमजल्यावर नायजेरियाचे दोन विद्यार्थी भाड्याने राहायला आले होते. त्यांना काढा म्हणून सेक्रेटरीने अर्ज फिरवला, त्यात आवाज आणि वासाचं कारण दिलं होतं. "आवाज मला कधी आला नाही. वासही नाही. पण सगळ्यांच्या सह्या होत्या, म्हणून मीही केली. महिन्याभरात ती मुलं गेली. त्यांची नावं मला माहीत नाहीत," असं तुम्ही हिंदीत वाचलंत आणि खाली बसलात. मला त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला आणि भयंकर भीतीही वाटली, कारण पुढचा नंबर माझा होता.

मुलांनी वहीची पानं फाडली. कार्तिक नावाचा तो बडबड्या मुलगा, ज्याला सगळे 'कालू' म्हणतात आणि जो स्वतःही हसून ओ देतो, तो पहिला उठला. त्याने वाचलं की यापी पहिल्या दिवशी डबा उघडत होती तेव्हा त्याने विचारलं होतं, कुत्ता है क्या इसमें. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मुझे लगा था हँसेगी। मैं भी तो हँसता हूँ।" सोळा वर्षांच्या पोराने नाव घालून वाचलं, ताई. आणि मी काय केलं? मी माझ्या पर्समधून पिवळी चिकट चिठ्ठी काढली, तिच्यावर पेन धरलं, काही न लिहिता चार घड्या घातल्या आणि खोक्यात टाकली.

तुम्ही तास संपताना झाकण उघडून चिठ्ठ्या नीट लावत होतात. मध्येच थांबलात. वर न बघता म्हणालात, "एक कोरी है। कोई बात नहीं। जिसकी भी है, अगले शनिवार।" जणू तुम्हाला माहीतच नव्हतं. पूर्ण शाळेत पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वापरणारी मी एकटी. स्टेशनपर्यंतच्या वाटेवर तुम्ही कारल्याचे भाव, मुक्ताचं नवं ऑफिस आणि गुडघा यांवर बोलत राहिलात. मयूर विहारला उतरल्यावर तुमच्या गेटपाशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिलात. मी म्हटलं, चला, उशीर झाला. तुम्ही म्हणालात, चलो.

पुढच्या शनिवारी माझी दाढ दुखत होती. दुखत नव्हती, ताई. आता सांगून टाकते. त्याच्या पुढच्या शनिवारी आईबापांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की शाळेत मुलांना न्यूनगंड शिकवतात, आणि सरांनी तास थोडे दिवस थांबवला. मला सुटल्यासारखं झालं, हेही सांगून टाकते. तुम्ही एकट्या सरांशी भांडायला गेलात. मला येतेस का म्हणून विचारलंत, मी पेपर तपासायचे आहेत म्हणाले. मग सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीत तुम्ही चार दिवस दवाखान्यात होतात. तिसऱ्या दिवशी मी आयसीयूच्या काचेबाहेर उभी होते आणि मनात वाक्य जुळवत होते, की बाहेर आल्या की गेटपाशीच सांगून टाकायचं. तुम्ही बाहेर आलाच नाहीत.

बुधवारी मुक्ता गेल्यावर मी खोकं उघडलं. मुलांच्या चिठ्ठ्या नव्हत्या. त्या तुम्ही ज्याच्या त्याला परत दिल्या असणार, तुमचा स्वभावच तो. आत एकच कागद होता, माझा पिवळा. घड्या उलगडून, हाताने सारखा करून ठेवलेला. तसाच कोरा. मी मागे-पुढे फिरवून पाहिलं की तुम्ही काही लिहिलंय का. काहीच नाही. तुम्ही फक्त तो जपून ठेवला होतात. स्वयंपाकघरात उभी राहून मी एवढी रडले की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या.

गुरुवारी सरांनी बोलावलं. चांगले आहेत ते. म्हणाले, शनिवारचा तास पुन्हा सुरू करू, सुजाता मॅमच्या आठवणीत. पण आता नुसतं पॉझिटिव्ह ठेवू, बाहेरून एक वक्ते येतात, परीक्षेचा ताण, यश, आत्मविश्वास असं बोलतात, मुलांना आवडतात. आजवरच्या माझ्या नोकरीतलं पहिलं 'नाही' मी तेव्हा म्हणाले. म्हटलं, सर, तास मी घेणार आणि सुजाता मॅमच्या नियमाने घेणार. पालकांचं पत्र आलं तर त्यावर माझं नाव घाला, मी भेटेन त्यांना. तेही एकेकाला बसवून भेटेन. सर म्हणाले, एक महिना बघू. महिना पुष्कळ झाला. तुम्हाला तर दोनच शनिवार मिळाले होते.

काल तो तास झाला. खोकं टेबलावर ठेवलं तर वर्गाने लगेच ओळखलं. पिवळा कागद मी आदल्या संध्याकाळी लिहिला होता, आणि त्या कोऱ्याच कागदावर लिहिला, नवा घेतला नाही. आधी मी यापीला उभी न करता, जागेवर बसलेलीच असताना, सांगितलं की त्या नऊ चिठ्ठ्या मी वाचल्या, हसले, टाळ्या वाजवायला लावल्या, आणि ती चूक लिहिणाऱ्यांची होती त्याहून माझी जास्त होती, कारण मोठी मी होते. एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅम, वो तो तारीफ थी ना?" पूर्वी मलाही हेच विचारावंसं वाटलं होतं. मी म्हटलं, ऐक, मीही एक तारीफ केली होती. आणि कॅन्टीनची गोष्ट सांगितली. पिठलं, ठेचा, ते वाक्य, आणि ते ज्यांना म्हटलं त्या कोण, तेही. खाली माझं नाव वाचलं. कोरी चिठ्ठी माझीच होती, हेही.

मी मागच्या बाकाकडे बघितलं, जिथे तुम्ही बसायच्यात. मग यापीने विचारलं, "मॅम, उनको याद था?"

मी म्हटलं, "था."

"फिर भी आपसे दोस्ती रखी?"

"रखी."

मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "ठीक है मॅम। पर ये स्माइली हटा दो डिब्बे से।" आणि वर्ग हसला, मीही हसले. त्या हसऱ्या चेहऱ्यावरचा आपला वाद शेवटी तिने निकालात काढला. कार्तिकने कटरने झाकणावरचा चेहरा खरवडला. मग पानं फाडल्याचे आवाज आले, एकामागून एक. यापीनेही फाडलं. काय लिहिलं ते तिने वाचलं नाही आणि मी विचारलं नाही. तिची चिठ्ठी खोक्यात आहे, तुमच्या नियमाप्रमाणे एकटीने बघायची आहे, आज संध्याकाळी बघेन. पुढचा शनिवार आहेच. त्याच्या पुढचाही आहे. सरांचा महिना संपला की मी दुसरा मागेन, नाही दिला तर मधल्या सुट्टीत बसू, वडाच्या पारावर जागा पुष्कळ आहे. प्रेरणाबिरणा जे काय मी अकरा वर्षं विकलं ते आता एकदा वापरून बघते.

एक राहिलं. काल वर्गात मी सगळं हिंदीत वाचलं, मुलांना कळायला हवं म्हणून. पण ते वाक्य मी तुम्हाला मराठीत म्हणाले होते, आणि त्यापुढचं मराठीत म्हणायचं अजून बाकी होतं. म्हणून आज सकाळपासून हे लिहायला बसले. तुमच्या गेटपाशी म्हणायचं होतं ते इथे म्हणते.

ताई, मी चुकले. मला माफ करा.

तुमची,
मृणाल